निशाणी डाव्या हाताचा अंगठा

काकांनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत पासबुकं होती, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो होते, आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेला एक कागद. तो त्यांनी टेबलावर इतक्या हळू उलगडला की मी आपोआप श्वास धरून ठेवला.

शाळेच्या वहीचं रेघी पान. त्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव, देवनागरीत, पेन्सिलीनं लिहिलेलं. पहिल्या चार-पाच ओळींत अक्षरं रेघेवरून घसरत होती. एका ठिकाणी 'र' उलटा काढून खोडला होता. पेन्सिल इतकी दाबलेली की पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं तरी अक्षर लागावं. निम्म्या पानाच्या पुढे मात्र हात सरावला होता, आणि शेवटच्या ओळीतलं नाव कुणाही सुशिक्षित माणसाचं वाटेल असं होतं.

"हा बाबांचा हात," काका म्हणाले. "दिवसा ऊस तोडायचे, रात्री बैठकेत बसायचे. सही आली तरच मत द्यायला मिळणार होतं ना."

मी मॉरिशसला गेले होते ती झाकरीची गाणी ऐकायला. आपल्या कोकणातली जाखडी तिथे झाकरी झाली आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं मुंबई बंदरातून करारावरचे मजूर म्हणून तिथल्या ऊसमळ्यांवर गेली, आणि जाताना गणपती, ढोलकी, देवीची गाणी घेऊन गेली. तिथे आजही गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. घरात सगळे क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली बोलतात, पण आरती मराठीत. काकांचं आडनाव म्हणजे त्यांच्या पणजोबांचं पहिलं नाव. उतरल्यावर कारकुनानं वहीत जे नाव लिहिलं तेच पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव झालं. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या पायऱ्या चढून ही माणसं बेटावर आली, त्या आप्रवासी घाटावर मी दोनदा जाऊन आले. पहिल्या दिवशी मोजल्या, सोळा आहेत.

गाणी मिळाली, भरपूर मिळाली, त्यांच्याबद्दल सवडीनं लिहीन. पण परत आल्यापासून मनात घर करून बसलाय तो हा कागद.

मतदानाची गोष्ट अशी. मॉरिशस ब्रिटिशांची वसाहत. लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आसपास आणि मतदार बारा हजारांच्या आत, कारण मताला मालमत्तेची अट. ऊस तोडणाऱ्याकडे कुठली मालमत्ता? 1937 साली मजुरांचे संप झाले, गोळीबार झाले. 1943 च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू हारेल इथल्या मळ्यावर पोलिसांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत अंजलाय कूपेन नावाची गरोदर मजूर बाई होती. आज तिच्या नावानं तिथे मोठं स्टेडियम आहे. महायुद्ध संपलं आणि 1947 च्या नव्या घटनेत मालमत्तेच्या जोडीला दुसरी वाट उघडली: बेटावरच्या कुठल्याही एका मान्य भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली तरी मत मिळेल.

अट घालणाऱ्यांना बहुधा वाटलं असेल की यानं फारसा फरक पडणार नाही. पण पंडित वासुदेव विष्णुदयाल नावाचा लाहोर आणि कलकत्त्याला शिकून आलेला माणूस गावोगाव फिरत होता. त्यांच्या स्वयंसेवकांनी बैठका भरवल्या. बैठक म्हणजे मळ्याच्या कडेला गवतानं शाकारलेली खोपटी. तिथे भजन, तिथेच भांडणतंटे मिटवणं आणि आता तिथेच कंदिलाच्या उजेडात बाराखडी. शिकवत हिंदी, पण लिपी आपलीच, त्यामुळे काकांच्या बाबांसारख्या मराठी घरातल्या माणसांनाही ती जवळची. 1948 च्या निवडणुकीला मतदारांचा आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. बारा हजारांचे सत्तर हजार! मधली सगळी माणसं अशी एकेक पान गिरवत आली.

वसाहती स्वतंत्र झाल्याच्या इतिहासात आपण मोर्चे वाचतो, तुरुंग वाचतो, मध्यरात्रीची भाषणं वाचतो. ते सगळं खरंच आहे. पण दिवसभर कोयता चालवून फुगलेल्या बोटांत पेन्सिल धरणं हेही त्याच तोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं. काकांना मी तसं म्हटलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पानाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ करत राहिले.

पुढचं तुलनेनं भराभर झालं. 1959 साली प्रौढ मतदान आलं. लंडनला डॉक्टरी शिकलेले शिवसागर रामगुलाम मजूर पक्षाचे नेते होते, तेच पुढे पहिले पंतप्रधान झाले. 1967 च्या ऑगस्टमधली निवडणूक म्हणजे जवळजवळ स्वातंत्र्यावरचं सार्वमतच होतं, आणि त्यात सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. हे वाचून मी थबकलेच होते. पण तिथल्या क्रिओल माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं की कळतं. गुलामांचे वंशज, संख्येनं कमी; साहेब गेला की बहुसंख्य हिंदूंचं राज्य येणार आणि आपण कायमचे तळाला जाणार, ही भीती काही खोटी नव्हती. गाएताँ द्युव्हाल हे क्रिओल नेते त्या भीतीचा आवाज झाले. 1968 च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगली पेटल्या, बाहेरून ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. राणीच्या वतीनं यायची ती राजकन्याही आली नाही. 12 मार्चला शाँ द मार्सच्या मैदानावर स्वतंत्र देशाचा झेंडा चढला तेव्हा शहराच्या काही वस्त्यांत दारं बंद होती. काका तेव्हा शाळेत होते. त्यांना मिठाई आठवते आणि आईनं कुठून जायचं नाही ते बजावून सांगितलेला रस्ताही आठवतो.

असा हा देश, निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा. जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, 1961 मध्येच लिहून ठेवलं होतं की इथे शांततेनं प्रगती होण्याची आशा फार कमी आहे. पण ती झाली. 1970 मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा केला, कपडे शिवणारे कारखाने उभे राहिले आणि हजारो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. 1975 मध्ये युरोपशी साखरेचा ठरलेल्या भावाचा करार झाला. 1977 पासून माध्यमिक शिक्षण फुकट. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती 1982 ची गोष्ट: विरोधकांनी मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा जिंकल्या, राष्ट्रपिता म्हणवले जाणारे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले, आणि ते शांतपणे घरी गेले. नव्यानं स्वतंत्र झालेल्या किती देशांत त्या काळात असं झालं? ज्यांनी सही गिरवून मत मिळवलं त्यांच्या पोरांनी ते मत पुरतं वापरलं. मला त्यांचा अभिमान वाटतो, माझा तसा काही संबंध नसताना.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख आनंदाचा झाला असता. पण काकांची मुलगी समाजकार्य करते. तिनं एक दिवस विचारलं, "मावशी, तुम्हाला इलवा माहीत आहेत का?"

मला माहीत नव्हतं. इलवा म्हणजे बेटकरी. पोर्ट लुईपासून ईशान्येला जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर चागोस नावाचा द्वीपसमूह आहे, दिएगो गार्सिया त्यातलं सगळ्यात मोठं बेट. फ्रेंचांच्या काळापासून तिथे नारळाच्या बागा होत्या. आधी आफ्रिका आणि मादागास्करकडून आणलेले गुलाम, मग काही तमिळ मजूर. त्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडं तिथेच जन्मली आणि तिथेच पुरली गेली. कारभार मॉरिशसमधून चाले. साठच्या दशकात दीड-दोन हजार माणसं असतील.

1965 च्या सप्टेंबरात लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू होती. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता, आणि तो माणसं नसलेल्या बेटावर हवा होता. 23 तारखेच्या सकाळी ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलामांना एकट्याला भेटायला बोलावलं. भेटीआधी विल्सन यांच्यासाठी तयार केलेलं टिपण आता सगळ्यांना वाचायला मिळतं. त्यात लिहिलंय की भेटीचा हेतू त्यांना आशेनं घाबरवणं हा आहे. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोस तोडून देण्याबाबत शहाणपणानं वागले नाहीत तर मिळणार नाही ही भीती. विल्सन यांनी सांगितलं की तुम्ही स्वातंत्र्य घेऊन परत जाऊ शकता, किंवा न घेता. दुपारपर्यंत होकार आला. मोबदला तीस लाख पौंड. 8 नोव्हेंबरला चागोस मॉरिशसपासून तोडून वेगळी ब्रिटिश वसाहत करण्यात आली. जग वसाहती मोडत होतं आणि ब्रिटन एक नवी घडवत होता. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं ठराव करून बजावलं की मॉरिशसचे तुकडे करू नका. कुणी ऐकलं नाही. अमेरिकेनं ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या बिलात 1.4 कोटी डॉलरची सूट दिली होती, ही गोष्ट तर कितीतरी नंतर बाहेर आली.

रामगुलामांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आठ लाखांच्या जवळ गेलेल्या लोकसंख्येचं भवितव्य पदरात, समोर साम्राज्याचा पंतप्रधान, सल्ला घ्यायला शेजारी कुणी नाही. त्या खुर्चीत कोण काय करू शकलं असतं? पण त्या खोलीत ज्यांच्या घरादाराचा सौदा झाला, त्यांच्यातलं एकही माणूस त्या इमारतीत काय, त्या खंडातही नव्हतं. त्यांना कळवलंसुद्धा नाही. कागदोपत्री त्यांना 'कंत्राटी मजूर' ठरवलं, म्हणजे कायमचे रहिवासी कुणी नव्हतेच, मग कुणाला हलवायचं? चार-पाच पिढ्यांच्या थडग्यांसमोर उभं राहून असं लिहिता येतं, याचा मला अजून राग येतो.

सुरुवातीला एवढंच झालं की औषधपाण्यासाठी पोर्ट लुईला आलेल्यांना परतीच्या बोटीवर घेईनात. रिता बँकू मुलीचा गाडीच्या चाकाखाली सापडलेला पाय दाखवायला आल्या होत्या. मुलगी गेली. त्या परत निघाल्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की तुमचं बेट विकलं गेलंय. मग बेटांवर धान्य यायचं कमी झालं. 1971 मध्ये दिएगो गार्सिया रिकामं करताना आधी लोकांची कुत्री मारली. नारळ वाळवायच्या शेडमध्ये कोंडून, गाड्यांचा धूर आत सोडून.

माझं सासर रत्नागिरीकडचं. खोबरं वाळवायची जागा म्हणजे काय हे मला नाकानं माहीत आहे: तो गोडसर, किंचित खवट वास, करवंट्यांच्या विस्तवाची ऊब, पायात घोटाळणारं घरचं कुत्रं. हे वाचलं त्या रात्री मी जेवले नाही.

1973 च्या मे महिन्यापर्यंत पेरोस बान्योस आणि सालोमाँ ही बाकीची बेटंही रिकामी झाली. नॉर्डव्हेर नावाच्या बोटीतून माणसं आणली आणि धक्क्यावर उतरवली. घर नाही, काम नाही. नारळ सोलणं आणि मासे मारणं येणाऱ्या माणसाला पोर्ट लुईत कोण काम देणार? कासी, रोश ब्वा इथल्या पत्र्याच्या झोपड्यांत ती राहिली. त्यांच्या क्रिओलमध्ये एक शब्द आहे, साग्रें. कुणी का मेलं असं विचारलं की ते सांगतात, साग्रेंनं. आपण 'हाय खाऊन गेला' म्हणतो ना, अगदी तेच.

काकांच्या मुलीनं मला प्वँत-ओ-साब्लला एका आजीकडे नेलं. नाव लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलंय. आधी जेवायला बसवलं. नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि भात. पहिला घास घेतला आणि मला माझ्या सासूबाईंचा हात आठवला. फक्त त्रिफळं नव्हती. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मग बोलता बोलता पैशांचा विषय निघाला. बायकांनी उपोषणं केली, रस्त्यावर बसल्या, मार खाल्ला, कोठडीत गेल्या, तेव्हा कुठे 1982 मध्ये ब्रिटननं चाळीस लाख पौंड द्यायचं कबूल केलं. पैसे वाटताना एकेका माणसापुढे कागद आला. इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत. परत जायचा हक्क सोडला, असा त्याचा अर्थ.

"तुम्ही विचारलं नाहीत, काय लिहिलंय म्हणून?"

मुलीनं क्रिओलमध्ये विचारलं. आजींनी उत्तर न देता डावा हात माझ्यापुढे धरला, अंगठा वर करून. मग तोच अंगठा टेबलावरच्या मेणकापडावर दाबला आणि उचलला.

"एवढंच," मुलीनं मला मराठीत सांगितलं. "पोरांना खायला नव्हतं. म्हणाले इथे दाबा, दाबला."

एकाच देशातल्या दोन घरांत, चार दिवसांच्या अंतरानं मी दोन खुणा पाहिल्या. एका बापानं पानभर नाव गिरवून मत मिळवलं, आणि त्यातून जे राज्य उभं राहिलं त्याची किंमत म्हणून दुसरीनं न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा दिला. मी काकांना हे सांगितलं, तेव्हा वाटलं होतं ते दुखावतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं हो. धक्क्यावर ती माणसं बसलेली असायची, आम्ही त्यांना भिकारी समजायचो."

चागोसी माणसांनी नाद सोडला नाही. रिता बँकूंचा मुलगा ऑलिव्हिए 2000 साली लंडनच्या उच्च न्यायालयात जिंकला. 2004 मध्ये ब्रिटिश सरकारनं संसदेला न विचारता राणीच्या हुकमानं ती वाट पुन्हा बंद केली, आणि 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. मग मॉरिशसच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं हा प्रश्न हेगला सल्ल्यासाठी पाठवला. 3 सप्टेंबर 2018 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयात लिजबी एलिझे यांची साक्ष झाली. 1973 मध्ये त्या वीस वर्षांच्या, गरोदर, नॉर्डव्हेरच्या पोटात कोंबलेल्या. पोर जगलं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून लेखी निवेदन वाचण्याऐवजी त्यांचं बोलणं चित्रित करून न्यायालयाला दाखवलं. चार मिनिटांच्या आसपास, क्रिओलमध्ये. मी ते इंटरनेटवर पाहिलं. काळ्या झग्यातले न्यायाधीश कानाला यंत्रं लावून बसलेत आणि पडद्यावर एक बाई सांगतेय की आम्हाला जनावरांसारखं नेलं, आणि मला माझ्या जन्मभूमीत मरायचंय. न्यायालयानं फेब्रुवारी 2019 मध्ये तेरा विरुद्ध एक मतांनी सांगितलं की चागोस तोडणं बेकायदा होतं, मॉरिशसचं स्वातंत्र्य त्यामुळे अपुरं राहिलं. तीनच महिन्यांनी महासभेत 116 देश त्या बाजूनं उभे राहिले, विरोधात सहा.

2022 च्या फेब्रुवारीत मॉरिशसनं भाड्यानं घेतलेल्या बोटीतून काही चागोसी पेरोस बान्योसला गेले, लिजबीही गेल्या. 22 मे 2025 ला करारावर सह्या झाल्या: चागोस मॉरिशसचं, दिएगो गार्सिया मात्र 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं तळासाठी. त्याच दिवशी पहाटे, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या दोन चागोसी बायकांनी न्यायालयातून सह्यांना तात्पुरती मनाई मिळवली होती. आम्हाला कुणी विचारलंच नाही, हे त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत मनाई उठली. पुन्हा एकदा सकाळ आणि दुपार. इतर बेटांवर माणसं वसवायची मुभा करारात मॉरिशसला आहे, पण दिएगो गार्सियावर जन्मलेल्यांना तिथे राहायला जायची सोय त्या कागदात नाही. मॉरिशसच्या आनंदात मी आहे, तो निकाल त्यांच्या हक्काचाच होता. तरी त्या दोघी चुकल्या असं मला म्हणवत नाही.

घरी आल्यावर मी आईकडून आजीची पिशवी मागून घेतली. माझ्या माहेरचं मूळ गाव धरणात गेलं, मी जन्मायच्या कितीतरी आधी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, आम्ही लहानपणी बघायला जायचो आणि आजी काठावर पाठ करून बसायची. पिशवीत जमिनीच्या मोबदल्याचे कागद होते. खालच्या कोपऱ्यात विटलेल्या निळ्या शाईचा ठसा, रेषा अजून मोजता येतात. शेजारी कारकुनाच्या वळणदार अक्षरात आजीचं नाव, आणि त्याच्यापुढे लिहिलंय: हिची निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

नावात आजीच्या वडिलांचं नाव चुकलंय. तिला ते कधी कळलं नसणार.